पैसे उभारणीचे दिले की उभारणीच शिकली जाते

तुम्ही सार्वजनिक धोरण शिकताय आणि दोन प्रश्न विचारलेत. पहिला, कमी कार्बनच्या समाजाकडे जायचं तर सरकारने पैसा प्रयोगशाळेत घालावा की बाजारात? दुसरा, जवळजवळ चाळीस वर्षं पवनचक्क्या लावूनही आपण डेन्मार्कसारखे त्यातले जाणकार का झालो नाही?

मी १९९९ साली साताऱ्याच्या पठारावर साइट इंजिनिअर म्हणून रुजू झालो. पुढची पंधरा वर्षं मशीनांबरोबर काढली आणि त्यानंतर वीजदराच्या सुनावण्यांसाठी कागद तयार करण्यात. म्हणून माझं उत्तर पवनचक्कीवरूनच येईल. दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचं उत्तर आहे, असं माझं मत झालंय. सरकार पैसे नेमके कशाचे देतं, तेवढंच उद्योग शिकतो. उभारणीचे दिले तर तो उभारायला शिकतो, युनिटचे दिले तर चालवायला आणि सर्वांत कमी बोलीला दिले तर काटछाट करायला. बाकी सगळं याच्या मागून येतं.

आधी पठाराबद्दल. वनकुसवडे पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला आहे. तिथले लोक पवनचक्कीला पंखा म्हणतात. जून ते सप्टेंबर वारा असा सुटतो की माणसाला उभं राहणं कठीण, आणि वर्षभराच्या विजेतला मोठा वाटा त्याच चार महिन्यांत येतो. नेमकं तेव्हाच धुकं, पाऊस आणि चिखल. मशीन बिघडलं तर क्रेन वर येत नाही, माणूस टॉवरवर चढू शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत केलेली दुरुस्ती जुलैत कमाई देते आणि एप्रिलमधला आळस जुलैत दिसतो. हे मला पहिल्याच पावसाळ्यात कळलं. पण मशीनच्या मालकाला ते कळायची गरज नव्हती, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

मालक कोण होते? कापड गिरण्या, औषध कंपन्या, सराफ, बांधकामवाले. त्यांचा विजेशी फारसा संबंध नव्हता. त्यांना हवा होता घसारा, म्हणजे यंत्राची किंमत झीज म्हणून नफ्यातून वजा करून कर वाचवायची सोय. १९९० च्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळे. १९९३-९४ मध्ये कंपन्यांवरचा आयकर अधिभारासह ५१.७५ टक्के होता. नफ्यात असलेल्या कंपनीने एक कोटीचं मशीन घेतलं तर त्याच वर्षी तिचा पावणेबावन्न लाखांचा कर वाचे, मग ते मशीन वर्षभर फिरो वा न फिरो. मी गेलो तेव्हा कराचा दर बराच खाली आला होता, पण राज्याने विक्रीकरातली सवलत जोडली होती. हिशेबाची जात तीच होती.

आणखी एक नियम होता. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा निम्माच. त्यामुळे आमच्या कामाला दोन हंगाम होते, सप्टेंबरअखेर आणि मार्चअखेर. वाऱ्याच्या हंगामाशी त्यांचा काही मेळ नव्हता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही रात्री दिवे लावून पाती चढवली आहेत. एका साइटवर ३१ तारीख गाठायची म्हणून मशीनं एकमेकांच्या इतकी जवळ बसवली की पुढच्याने वापरून टाकलेला, घुसळलेला वारा मागच्याला मिळे. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनावर चालते. वेग १० टक्के कमी झाला तर ताकद २७ टक्के घटते. आम्हा साइटवरच्या पोरांना हे गणित येत होतं, पण ते विचारणारं कुणी नव्हतं.

घसाऱ्याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. सरकारच्या तिजोरीत पैसा नसताना त्याने खासगी भांडवल या धंद्यात आणलं. क्रेनवाले तयार झाले, अवजड पाती घाटातून वर नेणारे ड्रायव्हर तयार झाले, पाटणच्या खेड्यांतली आयटीआय झालेली मुलं पन्नास मीटर उंचीवर निर्धास्त काम करायला शिकली. पवनचक्क्या बनवणारी सुझलॉन १९९५ साली सुरू झाली ती तुलसी तांती यांच्या कापड व्यवसायाला वीज महाग पडत होती म्हणून, पण वाढली ती या बाजारामुळे. पहिली पाच वर्षं हे साधन योग्य होतं. ते वीस वर्षं चालू ठेवलं, ही चूक.

त्या वर्षांत शिकण्यासारखं समोर किती होतं ते सांगतो, कारण नवोन्मेष म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रयोगशाळेतला पांढरा कोट येतो. आमचं नवं ज्ञान गिअरबॉक्सच्या तेलात होतं.

ही मशीनं युरोपातल्या ग्रिडसाठी, म्हणजे तिथल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यासाठी बनलेली. तिथे विजेची वारंवारिता ५० हर्ट्झला घट्ट बांधलेली असते. आपल्याकडे तेव्हा ती ४८ पासून ५१ च्या पुढेपर्यंत हेलकावे खायची. तिथे ग्रिड वर्षातून मोजक्या वेळा जाते, आमच्याकडे पावसाळ्यात एका दिवसात अनेकदा जायची. ग्रिड गेली की जनरेटरवरचा भार क्षणात सुटतो, पाती वेग घेतात, ब्रेक बसतो आणि तो सगळा धक्का गिअरबॉक्सचे दात खातात. असा धक्का किती वेळा सोसायचा हे आखणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. त्याच्या वीस वर्षांचा कोटा आम्ही दोन-तीन पावसाळ्यांत संपवत होतो. शिवाय या जनरेटरना ग्रिडमधून रिअ‍ॅक्टिव्ह वीज (चुंबकीय क्षेत्र टिकवायला लागणारी, प्रत्यक्ष काम न करणारी) ओढावी लागते. लाइन कमजोर असली की व्होल्टेज आणखी पडतं आणि शेजारची मशीनंही आपोआप बंद पडतात. वळवाच्या पावसात विजा पडून पाती फाटायच्या, ते वेगळंच.

यावर साइटवर उपाय निघत होते. ही रिअ‍ॅक्टिव्ह वीज जागेवरच पुरवणारे कपॅसिटर कोणत्या क्रमाने टाकायचे, ग्रिड परत आल्यावर सगळी मशीनं एकदम न जोडता किती अंतराने जोडायची, धुक्यात वाऱ्याचा सेन्सर चुकीचा आकडा द्यायला लागला की कसं ओळखायचं. एक तंत्रज्ञ नुसत्या आवाजावरून बेअरिंग जाणार हे आठवडाभर आधी सांगायचा. हे सगळं शिफ्टच्या वहीत लिहिलं जायचं. मालकाला ती वही नको होती, कारण त्याचं काम ३१ मार्चला झालेलं. उत्पादकाला नको होती, कारण त्याला पुढच्या मार्चची उभारणी करायची होती. बाहेर कुणालाच ती बघायला मिळत नव्हती, कारण बिघाडाची माहिती म्हणजे धंद्याचं गुपित. पठारावर शेकडो मशीनं, वेगवेगळे उत्पादक, पण एकाच्या गिअरबॉक्सचं दुखणं दुसऱ्याला कळायची सोय नाही. साइट ऑफिस हलवलं तेव्हा त्या वह्या रद्दीत निघाल्या. त्यातल्या अकरा मी घरी आणल्या.

आता डेन्मार्क. १९७३ च्या तेलसंकटात त्या देशाची ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर होती. त्यांच्याकडे जुना धागा होता. पॉल ला कूर यांनी १८९१ मध्ये आस्कोव्हच्या लोकशाळेत वाऱ्यावर वीज करून पाहिली होती. त्यांचे विद्यार्थी योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेड्सर इथे २०० किलोवॉटचं तीन पात्यांचं मशीन उभं केलं आणि ते दहा वर्षं चाललं. तेल महागल्यावर या जुन्या मशीनकडे बघत जे लोक कामाला लागले, त्यांत सुतार होते, लोहार होते, शिक्षक होते. पुढे जगभर पसरलेल्या कंपन्याही साध्या होत्या. व्हेस्टास शेतीची यंत्रं बनवायची, बोनस ही सिंचनाची साधनं बनवणाऱ्या कारखान्यातून निघाली, नॉर्डटँक टँकर बनवायची. वाचताना मला किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आठवतो आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्र्या. त्या फाउंड्र्या आमच्या पठारापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. पण मोडलेला भाग हातात देऊन 'हा का मोडला, तुम्ही याहून बरा ओताल का?' असं त्यांच्यापैकी कुणाला विचारल्याचं माझ्या पंधरा वर्षांत मी पाहिलं नाही.

डेन्मार्कच्या सरकारने काय केलं? १९७८ मध्ये रिसो इथल्या संशोधन केंद्रात लहान पवनचक्क्यांचं चाचणी केंद्र उघडलं. १९७९ मध्ये मशीनच्या किमतीच्या ३० टक्के अनुदान जाहीर केलं, आणि त्याला एकच अट घातली, मशीन रिसोने तपासून मान्य केलेलं हवं. माझ्या मते सगळा फरक या अटीने केला. तीस टक्के अनुदान हाही उभारणीचाच पैसा, दिसायला आमच्या घसाऱ्यासारखा. पण त्याच्या दारात इंजिनिअर बसवलेला होता. प्रत्येक लोहाराला आपलं मशीन घेऊन त्याच दोन-चार माणसांसमोर जावं लागे. त्यामुळे कुणाचं पातं कुठे फाटलं हे त्या माणसांना माहीत असे आणि पुढच्याला ते सांगत. वादळात काही मशीनं बेफाम फिरून मोडली, तेव्हा रिसोने एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक सक्तीचे केले. त्या नियमाने डॅनिश मशीन दणकट झालं. अनुदानही हळूहळू उतरवत नेलं आणि १९८९ ला बंद केलं, एका रात्रीत तोडलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आणि सरकारने केलेलीच नव्हे. १९७८ मध्येच पवनचक्कीच्या मालकांनी आपली संघटना काढली. त्यांच्या मासिकात कोणत्या मशीनने त्या महिन्यात किती युनिट दिले हे आकडे छापून येत. नवं मशीन घ्यायला निघालेला शेतकरी ते मासिक चाळून ठरवायचा. म्हणजे आमच्या रद्दीत गेलेली वही तिथे दर महिन्याला घरोघर पोचत होती. खराब मशीन विकणं फार दिवस जमण्यासारखं नव्हतं.

याच काळात अमेरिका आणि जर्मनीने तुमच्या पहिल्या प्रश्नातला प्रयोगशाळेचा रस्ता धरला होता. नासाच्या देखरेखीखाली बोईंगने अडीच मेगावॉटची मशीनं बनवली. जर्मनीने १९८३ मध्ये ग्रोविआन नावाचं तीन मेगावॉटचं, शंभर मीटर व्यासाचं मशीन उभारलं. ते जेमतेम चारशे-सव्वाचारशे तास फिरलं आणि १९८७ मध्ये बंद झालं. माणसं हुशार होती, पैसा भरपूर होता. पण एकदम डोंगराएवढी पायरी घेतली आणि मशीनं मोजकीच. चूक समजायला वेळ लागायचा, आणि समजली तरी दुरुस्त करून पाहायला पुढचं मशीन नसायचं. डेन्मार्क २२ किलोवॉटवरून ५५ वर, मग ७५, १५०, २२५ असा चढत गेला आणि प्रत्येक पायरीवर शेकडो मशीनं शेतात फिरत होती.

कॅलिफोर्नियाने आमच्या आधी आमची चूक करून दाखवली होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे करसवलतीमुळे पवनचक्क्यांचा पूर आला. अनेक अमेरिकी मशीनं एका-दोन हंगामांत मोडली, डॅनिश मशीनं त्यामानाने टिकली. १९८५ च्या अखेरीस सवलत संपली, बाजार कोसळला आणि १९८६ मध्ये व्हेस्टासचंही दिवाळं निघालं. ती नव्याने उभी राहिली, कारण मागे देशातला बाजार होता आणि शिकलेली माणसं जाग्यावर होती. भारताने करसवलतीचा तोच नमुना उचलला, तेव्हा कॅलिफोर्नियाचा अनुभव ताजाच होता. याचं मला आजही वाईट वाटतं.

आपली सुरुवात खरं तर चांगली होती. १९८६ मध्ये देशातले पहिले पवनऊर्जा प्रकल्प झाले, त्यातला एक आपल्या रत्नागिरीत. तिथे आलेली व्हेस्टासची ५५ किलोवॉटची मशीनं म्हणजे डेन्मार्कच्या त्याच शाळेतली. आणि वारा मोजण्याचं काम तर आपण जगाने हेवा करावा असं केलं. अण्णा मणी या पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणांचा विभाग घडवलेल्या शास्त्रज्ञ. निवृत्तीनंतर त्यांनी देशभर मनोरे उभे करून वाऱ्याच्या नोंदी घेण्याचा कार्यक्रम चालवला आणि ते आकडे खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केले. कुणीही उघडून पाहावेत असे. त्या खंडांवरूनच पुढे लोकांनी जागा शोधल्या. सार्वजनिक पैशातून नवोन्मेष धोरण म्हणून जे काही आपण केलं, त्यात मी या मोजणीला पहिला नंबर देतो. खर्च मामुली, फायदा सगळ्यांना आणि पुढची कित्येक वर्षं. वारा मोजून छापला, पण त्या वाऱ्यावर मशीनं कशी चालली हे मोजून छापायचं मात्र राहून गेलं. चेन्नईचं पवनऊर्जा तंत्रज्ञान केंद्र १९९८ मध्ये आलं. तोवर हजारभर मेगावॉटच्या आसपास मशीनं लागून गेली होती. डेन्मार्कमध्ये चाचणी केंद्र आधी आणि अनुदान नंतर आलं. आपला क्रम उलटा पडला.

मग युनिटचे पैसे द्यायला सुरुवात झाल्यावर काय झालं? ते मी डोळ्यांनी पाहिलं. नोव्हेंबर २००३ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगाने पवनऊर्जेचा दर ठरवला. पहिल्या वर्षी युनिटला ३.५० रुपये, दरवर्षी १५ पैसे वाढ, करार १३ वर्षांचा. त्यानंतर साइट ऑफिसला येणारे फोन बदलले. आधी मार्चमध्ये फोन यायचे, 'मशीन सुरू झाल्याचं सर्टिफिकेट झालं का?' आता जुलैत यायला लागले, 'माझं तीन नंबरचं मशीन कालपासून बंद का आहे?' डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने ज्यांना वेगवान घसारा, म्हणजे सुरुवातीलाच मोठी वजावट देणारी ती जुनी सवलत, नको असेल त्यांच्यासाठी युनिटमागे ५० पैशांचा प्रोत्साहन भत्ता आणला. वीज विकणं हाच ज्यांचा धंदा अशा कंपन्या मैदानात आल्या. त्यांनी स्वतःच्या कंट्रोल रूम उभारल्या, मशीन खरेदी करताना उत्पादकाला घाम फोडणारे प्रश्न विचारायला लागल्या, कमी वाऱ्यासाठी उंच टॉवर आणि लांब पाती मागायला लागल्या. दहा वर्षं कुणी न विचारलेले प्रश्न दोन वर्षांत विचारले गेले.

आणि मग एप्रिल २०१२ मध्ये वेगवान घसारा आणि हा भत्ता, दोन्ही एकदम थांबले. त्याआधीच्या वर्षी देशात ३,२०० मेगावॉटच्या आसपास नवी मशीनं लागली होती. पुढच्या वर्षी आकडा १,७०० वर आला. भत्ता नंतर परत आला, घसाराही २०१४ मध्ये परत आला, पण माणसं परत आली नाहीत. माझ्या हाताखाली तयार झालेल्यांपैकी कुणी मोबाइल टॉवरच्या कामाला गेला, कुणी आखातात, एकाने कराडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. आवाजावरून बेअरिंग ओळखणारा तो तंत्रज्ञ गावी शेती करायला गेला. धोरण लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं म्हणून मुद्दाम सांगतो. तंत्रज्ञान पेटंटच्या कागदात थोडं आणि अशा माणसांत जास्त राहतं. योजना दोन वर्षं बंद ठेवून पुन्हा सुरू करता येते. माणूस तसा बंद-चालू होत नाही.

२०१७ मध्ये दुसरा झटका बसला. ठरलेला दर जाऊन लिलाव आले, म्हणजे सर्वांत कमी दर सांगेल त्याला काम. फेब्रुवारीत पहिल्या लिलावात ३.४६ रुपये दर निघाला, वर्षअखेर गुजरातेत २.४३. ग्राहक म्हणून ही चांगलीच बातमी होती, आणि लिलाव मुळात चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण एका वर्षात दिशा फिरवल्याने वर्षाला साडेपाच हजार मेगावॉटच्या आसपास होणारी उभारणी दोन हजारांच्याही खाली आली. सर्वांत स्वस्त वीज हीच एक कसोटी राहिल्यावर सगळे कच्छ आणि तमिळनाडूच्या उत्तम वाऱ्याकडे धावले. मध्यम वाऱ्यासाठी मशीन सुधारण्यात पैसा घालायला कारण उरलं नाही. महाराष्ट्राचा बराचसा वारा तसा मध्यमच आहे. डेन्मार्कलाही असा झटका बसला होता. २००१ च्या सत्तांतरानंतर तिथली जमिनीवरची उभारणी काही वर्षं जवळजवळ थांबली. पण तोवर त्यांच्या कंपन्या जगाला मशीनं विकत होत्या, त्यामुळे निभावलं.

पवनचक्कीचा धडा सगळीकडे जसाच्या तसा लागू करू नका. एलईडी दिव्याला शेतात फिरून शिकायचं नव्हतं, कारखान्यात मोठ्या संख्येने बनायचं होतं. तिथे सरकारी कंपनी ईईएसएलने घाऊक खरेदी केली. २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना मिळणारा दिवा दोन-तीन वर्षांत ३८ रुपयांवर आला. उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले, तेही अनुदान न देता. मला ठाऊक असलेल्या कार्बनविषयक योजनांत हिच्याइतकी नेटकी दुसरी नाही. याउलट २०१० च्या सौर मोहिमेत देशी मालाची अट घातली ती फक्त स्फटिक सिलिकॉनच्या पॅनलना. पातळ थराच्या पॅनलना सूट होती. प्रकल्पवाल्यांनी सरळ परदेशी पातळ थराचे पॅनल आणले आणि २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आपण ती अटही हरलो. पोलाद-सिमेंटची गोष्ट तिसरी. एकेक कारखाना हजारो कोटींचा, तिथे शेकडो लहान मशीनं लावून शिकता येत नाही. स्वीडनने कोळशाऐवजी हायड्रोजनवर लोखंड करण्याचा प्रायोगिक कारखाना २०२० मध्ये लुलेओ इथे चालू केला, सरकारी पैशाच्या आधाराने. अशा ठिकाणी पहिल्या दोन-तीन कारखान्यांची जोखीम सरकारने वाटून घेतलीच पाहिजे. केंद्राने २०२५ मध्ये मंजूर केलेल्या १ लाख कोटींच्या संशोधन-नवोन्मेष योजनेकडे मी याच नजरेने बघतो. रक्कम मोठी आहे, आनंद आहे. पैसे घेणाऱ्याने काय मोजायचं आणि कुणाला दाखवायचं, हे मला बघायचं आहे.

तुमच्या प्रश्नात 'समाज' हा शब्द आहे, तो तुम्ही विचारपूर्वक घातला असेल असं धरतो. कोपनहेगनच्या बंदरासमोर २००० साली मिडलग्रुंडेनच्या वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यातला निम्मा वाटा साडेआठ हजारांच्या आसपास नागरिकांच्या सहकारी मंडळाचा. एक हिस्सा म्हणजे वर्षाला १,००० युनिट वीज, इतका साधा हिशेब. सहकार आपल्याला कुणी शिकवायला नको. साखर कारखाना, दूध संघ, पाणीपुरवठा संस्था, सगळं याच जिल्ह्यांत उभं राहिलं. पण पठारावरची जमीन दलालांनी सातबाऱ्यावरच्या वारसांना गाठून गोळा केली, बऱ्याच ठिकाणी कवडीमोलाने. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत पठाराखालच्या वाड्यांत संध्याकाळी अंधार असायचा आणि वर पंख्यांचे लाल दिवे लुकलुकायचे. एका म्हातारीने मला विचारलं होतं, 'लेका, हे पंखं आमचा वारा घेत्यात, मग दिवा आमच्या घरात का नाय?' माझ्याकडे तांत्रिक उत्तर होतं. ते मी तिला दिलं नाही.

जे मोजायचे पैसे कुणी दिले नव्हते, ते काय होतं हे नंतर कळलं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी बाकीच्या सड्याच्या तुलनेत चौथाईवर आले होते आणि त्यांच्या तावडीतून सुटलेले सरडे फार वाढले होते. पंधरा वर्षं मी त्या सड्यावरून रोज गेलो. घारी कमी झाल्याचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गावाला वाटा मिळण्याच्या बाबतीत सौर कृषी वाहिनीची योजना मला आशेची वाटते. दिवसा वीज लागते ती शेतीला, आणि सूर्य दिवसाच असतो. मग गावच्या सबस्टेशनजवळच पॅनल लावून शेतीचा फिडर, म्हणजे शेतपंपांची वेगळी वीजवाहिनी, त्यावर चालवावी, अशी ही साधी कल्पना. पुण्याच्या प्रयास संस्थेने ती मांडली. २०१७ पासून राळेगणसिद्धीसारख्या ठिकाणी करून बघितली आणि २०२३ पासून राज्याने ती मोठ्या प्रमाणावर घेतली. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आहेत, जमीन विकावी लागत नाही. रात्री-अपरात्री विंचू-सापांत मोटार चालू करायला जाणं टळतं. यात नवं यंत्र एकही नाही, सगळी नवलाई मांडणीत आहे. पण मी तुमच्या जागी असतो तर या फिडरवर रोज दिवसा किती तास आणि किती व्होल्टेजने वीज मिळाली, हे गावागणिक जाहीर होतं का, हा प्रश्न आत्ताच धरून बसलो असतो. पाच वर्षांनी विचारून उपयोग नसतो.

शेवटी पुन्हा पठारावर येतो, कारण तुम्हाला प्रबंधासाठी विषय हवा आहे असंही तुम्ही लिहिलंय. देशातल्या उत्तम वाऱ्याच्या बऱ्याच जागा आज जुन्या, अर्ध्या मेगावॉटच्या आतबाहेरच्या मशीनांनी अडवल्या आहेत. ती काढून तिथे दोन-तीन मेगावॉटची लावली तर कमी मशीनांत कितीतरी जास्त वीज मिळेल. यासाठी केंद्राचं धोरण २०१६ मध्ये आलं, २०२३ मध्ये सुधारलं, तरी काम फारसं पुढे गेलेलं नाही. कारणांपैकी मोठं कारण त्या जुन्या घसाऱ्यात आहे. एकाच सड्यावर डझनावारी मालक, प्रत्येकाची एक-दोन मशीनं. नवं मशीन दोन-तीन जुन्यांची जागा घेणार, मग ते कुणाचं? १९९९ मध्ये कर वाचवायला घेतलेला एकेक पंखा आज सगळ्यांची वाट अडवून उभा आहे. माझा प्रस्ताव असा आहे की जुन्या मालकांचं एक मंडळ करून त्यात त्यांच्या मागच्या दहा वर्षांच्या युनिटांच्या प्रमाणात हिस्से करावेत, काही हिस्सा त्या सड्याखालच्या ग्रामपंचायतींना द्यावा आणि ग्रिडजोडणीची परवानगी सरसकट त्या मंडळाच्या नावावर करावी. अट एकच, प्रत्येक मशीनचे महिन्याचे युनिट आणि बिघाडाचं कारण जाहीर करायचं.

यात कायदेशीर अडचणी कुठे येतील, हे वकिलाच्या नजरेने कुणीतरी बघायला हवंय. तुम्ही बघणार असाल तर त्या अकरा वह्या माझ्याकडे आहेत. २००० ते २००६ चे सात पावसाळे, दोन साइट. काही पानांवर तेलाचे डाग आहेत आणि २००५ च्या जुलैची अक्षरं भिजून पसरली आहेत, पण वाचता येतात. आधी त्यांचे फोटो काढून घ्या, मग कामाला लागा.